मदत हवी आहे : डावखुऱ्या मुलीला विणकाम कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका शाळेत प्रसूती रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी सहावीला शिकवते आहे. कार्यानुभवाचा तासही माझ्याकडेच आहे. मधल्या सुट्टीत मी विणत बसते ते बघून मुलांनीच हट्ट धरला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी परवानगी दिली. मुलगे मुलींपेक्षा जास्त उत्साही आहेत, याचा मला फार आनंद आहे!

८ नंबरच्या, म्हणजे ४ मिमीच्या सुया आणि जाड लोकर घेतली आहे. बारीक सुयांवर नवख्या हातांना टाके दिसत नाहीत. सध्या २० टाके घालून सगळ्या ओळी सुलटच, कारण नुसत्या सुलट विणीची पट्टी कडेला वळत नाही.

अडचण एका डावखुऱ्या मुलीची आहे. समोर बसवून आरशासारखं दाखवलं तर तिला पटकन जमतं. पण पुढे नमुना वाचताना डावी-उजवीकडे झुकणारे जोडटाके (दोन टाके एकत्र विणून केलेला एक) तिला उलटे पडतील ना? की आत्ताच उजव्या हाताची सवय लावावी? तिच्यावर जबरदस्ती करायला माझं मन घेत नाही. तुमच्यात कुणी डावखुरं विणणारं असेल तर तुम्ही कसे शिकलात, ते सविस्तर सांगा.

शिवाय, बाई रुजू झाल्या की मी जाणार. त्याआधी प्रत्येकाचं काहीतरी पुरं व्हायला हवं. मफलर लांबेल. चौकोनी तुकडे जोडून वर्गाची एक गोधडी करावी, की मोबाईलची पिशवी बरी?