‘सार्थक’, ‘लक्षणीय’ की ‘महत्त्वाचा’ फरक?

कोरडवाहू: सोलापुरातल्या यंत्रमागांवर विणलेल्या टेरी टॉवेलच्या वजनावर प्रकल्प अहवाल लिहायचा आहे, मराठीतच. लेबलवर ४०० ग्रॅम छापलेलं आहे. १६ टॉवेल तोलले. सरासरी ३९४ ग्रॅम, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत त्याचं माप) १२ ग्रॅम. टी चाचणीनंतर (सरासरीतला फरक तपासायची पद्धत) फरक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा म्हणता येणार नाही असा, आहे की नाही ते सांगायचं. त्याला लक्षणीय म्हणू, महत्त्वाचा म्हणू की सार्थक? आणि शेवटी ‘गृहीतक सिद्ध झाले’ असं लिहिलेलं चालेल ना?

नमुनेदार: ‘सार्थक’ लिहा. प्रबंधांतून ‘०.०५ सार्थकता स्तर’ हा प्रयोग चांगला रुळलाय. ‘लक्षणीय’ वाचलं की डोळ्यांत भरण्याइतका मोठा फरक, असंच कुणालाही वाटणार, आणि चाचणी तर फरकाच्या आकाराबद्दल थेट काहीच बोलत नाही. समजा १,६०० टॉवेल तोलले आणि सरासरी ३९९ ग्रॅम आली, विचलन तेच १२. प्रमाण त्रुटी (नमुन्याच्या सरासरीतला अपेक्षित चढउतार) ०.३ ग्रॅम, टी (फरक भागिले प्रमाण त्रुटी) उणे ३.३३, पी (खरा फरक नसताना निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१ च्या आत. फरक सार्थक, पण एका ग्रॅमसाठी कुठला व्यापारी माल परत पाठवेल हो? ‘महत्त्वाचा’ हा शब्द त्या व्यापाऱ्यासाठी राखून ठेवा.

‘गृहीतक सिद्ध झाले’ मात्र खोडाच. त्यात दोन घोळ आहेत. गृहीतक म्हणजे चाचणी करण्याआधी आपण जे धरून चालतो ते: निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, वजनांचं वितरण साधारण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) आहे वगैरे. तपासायची ती परिकल्पना. इथे शून्य परिकल्पना अशी की खरी सरासरी ४०० ग्रॅमच आहे. ती सिद्ध होत नसते. पुराव्यावरून नाकारता येते किंवा येत नाही. ‘परिकल्पनेचा स्वीकार करण्यात आला’ हेही छापील प्रबंधांत सर्रास दिसतं, तेही टाळा.

कोरडवाहू: इथे मग नेमकं काय लिहायचं? एक्सेलमध्ये ९५ टक्के विश्वास अंतराल (खऱ्या सरासरीसाठी काढलेला पट्टा) काढला तर ३८८.१ ते ३९९.९ येतो. ४०० बाहेर पडतंय म्हणजे नाकारायचं. पण ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणक-प्रणाली पी मूल्य ०.०६ च्या पुढे दाखवतेय, म्हणजे नाकारायचं नाही.

नमुनेदार: तुम्ही एक्सेलचं ‘कॉन्फिडन्स.नॉर्म’ हे सूत्र वापरलंय. ते प्रमाण त्रुटीला १.९६ ने गुणतं, म्हणजे समष्टीचं (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या मालाचं) विचलन आधीच ठाऊक आहे असं धरतं. तुमचे १२ ग्रॅम तर नमुन्यातूनच आलेत. हिशोब हातानेच करून बघा: १२ भागिले १६ चं वर्गमूळ म्हणजे ३, ही प्रमाण त्रुटी. १.९६ गुणिले ३ म्हणजे ५.८८. स्वाधीनता मात्रा (नमुन्याचा आकार उणे एक) १५ असताना १.९६ ऐवजी टीचं मूल्य २.१३१ लागतं, म्हणजे ३ ने गुणून ६.३९. मग अंतराल ३८७.६ ते ४००.४, आणि ४०० आत येतं. एक्सेलमध्ये ‘कॉन्फिडन्स.टी’ घेतलंत की हेच मिळेल. लहान नमुन्याचा हा फरक गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडला. तो डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता.

पी मूल्य एक्सेलमध्ये काढायचं तर ‘टी.डिस्ट.२टी’ मध्ये २ आणि १५ भरा, ०.०६४ येईल. टी उणे आलाय म्हणून उणे २ भरलात तर उत्तराऐवजी ‘नम’ची चूक दिसेल.

आरमध्ये वेगळीच गंमत होते. ‘टी.टेस्ट’ला ‘एमयू’ची (ज्या सरासरीशी तुलना करायची तिची) किंमत ४०० द्यायची राहिली तर ते शून्याशी तुलना करतं. टी १३१ च्या वर जातो आणि पी इतकं बारीक की ‘२.२ई-१६ पेक्षा कमी’ एवढंच छापलं जातं. नवशिके खूश होतात. टॉवेलचं वजन शून्य नाही, एवढंच त्यातून कळलेलं असतं.

ताणाबाणा: कापडाच्या बाजूने थोडं. १६ टॉवेल आणले कुठून? एकाच मागावरच्या, एकाच बीमचे (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळाचे) सलग १६ असतील तर ते स्वतंत्र नव्हेत. सुताचा काउंट (बारीक-जाडपणा), बीमचा ताण, सगळं सारखंच. विचलन खोटं लहान येतं आणि त्यामागोमाग पीसुद्धा. वेगवेगळे माग आणि दोन्ही पाळ्या मिळून चिठ्ठ्या टाकून उचला. दुसरं म्हणजे सूत हवेतला ओलावा धरतं. व्यवहारात सुती मालाला ८.५ टक्के ओलावा धरायची रीत आहे. सोलापूरच्या एप्रिलातल्या कोरड्या हवेत तोललेला टॉवेल पावसाळ्यातल्यापेक्षा हलका भरणारच. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, मग तोला. नाहीतर ६ ग्रॅमची तूट कारखान्याची की हवेची, हे कुठलीच चाचणी सांगणार नाही.

कोरडवाहू: आणि ‘अंदाज’ आणि ‘अनुमान’ एकच का?

नमुनेदार: ३९४ हा खऱ्या सरासरीचा अंदाज. नमुन्यावरून समष्टीबद्दल बोलायची सगळी रीत म्हणजे अनुमान. शालेय पुस्तकांत सरासरीला ‘मध्य’ म्हणतात, ‘मध्यक’ म्हणजे मीडियन. एका अक्षराने घोटाळा होतो, म्हणून अहवालात सरळ ‘सरासरी’ लिहा.

निष्कर्षाचं वाक्य असं ठेवा: ‘१६ टॉवेलचे सरासरी वजन ३९४ ग्रॅम (प्रमाण विचलन १२); टी = −२.००, स्वाधीनता मात्रा १५, पी = ०.०६४, ९५ टक्के विश्वास अंतराल ३८७.६ ते ४००.४ ग्रॅम. ०.०५ सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.’ खाली एक ओळ जोडा की हाच अंतराल १२ ग्रॅमची तूटही नाकारत नाही. नमुना लहान असल्याचं त्यावरून वाचणाऱ्याला कळतं.

आकडे देवनागरीत फक्त अहवालात. माहितीच्या फाइलमध्ये ३९४ देवनागरीत भरलंत तर आर त्याला अक्षरं समजतं, आणि अंकांत बदलायला गेलात की ‘एनए’, म्हणजे मूल्य उपलब्ध नाही, असं देतं. वजनापुढे ‘ग्रॅ’ लिहिलंत तरी तेच होतं. एकक स्तंभाच्या शीर्षकात टाका.