मदत हवी आहे: बडोद्याच्या अलकापुरीतलं नवं महागडं हॉटेल आणि बाबा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. अलकापुरीत नवीन उघडलेल्या एका झकपक हॉटेलात त्यांना न्यायचा विचार आहे. आम्ही दांडिया बाजारातले. बाबांच्या लेखी बाहेरचं जेवण म्हणजे सेव उसळ, तीही उभ्यानेच!

मागच्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर तिथे चाचपणी करून आले. पदार्थ चविष्ट, पण ताट केवढं आणि त्यात भाजी केवढीशी. बिलात ५ टक्के जीएसटी होता, तो ठीकच. पण वर १० टक्के सर्व्हिस चार्जही न विचारता लावलेला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या सूचनांनुसार तो ऐच्छिक आहे, मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. तरी त्या दिवशी संकोचापोटी मुकाट्याने भरला.

बाबांसमोर वाद नको आहे. टेबल बुक करतानाच फोनवर 'सर्व्हिस चार्ज देणार नाही' असं सांगितलेलं चालतं का? कुणी बिलातून काढून घेतलाय का, नेमकं काय बोललात? आणि आईला कांदा-लसूण चालत नाही, तर अशा ठिकाणी वेगळं करून देतात की नुसतं 'हो हो' म्हणतात?