परदेशात सामुदायिक शेतावर इंटर्न म्हणून जाऊ का? घरच्यांना काय सांगू?

जांबोटीचा माळ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव. यंदा मे महिन्यात धारवाडहून बी.एस्सी. अॅग्री संपवून घरी आलोय. घरची साडेतीन एकर. दोन एकर भात, बाकी माळावर रताळी आणि थोडी काजूची झाडं.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एक सामुदायिक शेत आहे, म्हणजे गावातली माणसं वर्षाचे पैसे आधी भरतात आणि हंगामभर दर आठवड्याला भाजीचा वाटा नेतात. त्यांच्याशी दोन महिने ईमेलवर बोलणं चाललं होतं. परवा उत्तर आलं, येत्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत इंटर्न म्हणून ये. राहायला खोली, शेतातली भाजी आणि महिन्याला थोडा भत्ता.

ईमेल वाचून रात्रभर झोप लागली नाही. सकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "चिखल तुडवायला अमेरिकेत कशाला जायचं? इथं चिखल कमी पडला काय तुला?" त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचेना. आई काही बोलली नाही, पण रोपलावणीच्या दिवसांत घरात एक माणूस कमी असणार हे तिच्या तोंडावर दिसलं.

बेळगावात एकजण भेटला. तो म्हणतो टुरिस्ट व्हिसावर जा, कुणी विचारत नाही, सगळं मिळून अडीच लाख दे. त्याचं ऐकू का? आणि मुख्य म्हणजे, आठ महिने दुसऱ्याच्या शेतातलं तण काढून मी परत काय घेऊन येणार? कुणी गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

सांबऱ्याचा

आधी त्या अडीच लाखवाल्याचा नंबर फोनमधून काढून टाक.

टुरिस्ट व्हिसावर शेतात काम चालत नाही. पगार नाही, नुसतं जेवण आणि खोली मिळते म्हटलं तरी ते कामच धरलं जातं. विमानतळावर एका प्रश्नात पकडतात आणि परत पाठवलं की ती नोंद कायमची राहते. रीतसर वाट जे-१ व्हिसाची आहे, म्हणजे शिकायला-प्रशिक्षणाला येणाऱ्यांचा व्हिसा. शेतमालक तुला हा कागद स्वतः देऊ शकत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली एखादी स्पॉन्सर संस्था मध्ये लागते. ती डीएस-२०१९ नावाचा फॉर्म देते. त्याशिवाय डीएस-७००२ म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा असतो. कुठल्या महिन्यात तू काय शिकणार, कोण शिकवणार, हे त्यात लिहून तुम्ही सगळ्यांनी सह्या करायच्या. आरोग्य विमा सक्तीचा. सेव्हिस म्हणजे अशा येणाऱ्यांची तिथली सरकारी नोंदणी, तिची फी २२० डॉलर, व्हिसाची फी वेगळी.

आता तुझ्या तारखांकडं बघ. इंटर्न म्हणून जायचं तर पदवी मिळाल्यापासून १२ महिन्यांच्या आत तिथं सुरुवात व्हायला पाहिजे. तुझं मे ते एप्रिल म्हणजे अकरा महिने झाले. मुलाखतीची तारीख लांबली आणि जून उजाडला तर तू इंटर्नमध्ये बसत नाहीस. मग ट्रेनी म्हणून अर्ज करायचा, आणि त्याला पदवीनंतर वर्षभराचा अनुभव दाखवावा लागतो. तेव्हा स्पॉन्सरचं काम याच महिन्यात सुरू कर. शेतमालकालाच विचार, त्यांचा आधीचा कुणी स्पॉन्सर आहे काय.

नाहीच जमलं तर ब्रिटनचा साधा व्हिजिटर व्हिसा आहे. त्यावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून आपल्या १८ ते ३० वयाच्या मुलांना वर्षाला १००० वर्क अँड हॉलिडे व्हिसा (फिरता फिरता काम करायचे) ठेवलेत, पण ते सोडतीनं मिळतात. व्वूफ नावाची सेंद्रिय शेतांची जुनी साखळीही आहे, १९७१ साली इंग्लंडात सुरू झालेली. दिवसाला चारसहा तास काम आणि त्याबदल्यात जेवण-निवारा. तिथंही व्हिसाचा प्रश्न आपला आपणच सोडवायचा असतो.

येळ्ळूरची अक्का

भावा, मी जाऊन आलेय. मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात पूर्ण एक हंगाम केला. वरच्या दादांनी कागदाचं सगळं बरोबर सांगितलंय, मी कामाचं सांगते.

पहाटे साडेपाचला शेतात. पहिलं काम केल तोडायचं, केल म्हणजे कोबीच्या जातीतली एक पालेभाजी. मनगटात रबरबँड अडकवायचे, खालची दहाबारा पानं देठापासून मोडून हातात जमवायची, एक रबरबँड ओढून जुडी बांधायची, पुढं सरकायचं. पान ताठ असतं ते उन्हाआधीच, नंतर ते मान टाकतं. तोडलं की लगेच थंड पाण्याच्या मोठ्या टबात बुडवायचं. शेतातली ऊब पानातून निघाली नाही तर संध्याकाळपर्यंत पिवळं पडतं. एप्रिलमध्ये त्या पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नाहीत. मी आमच्या अप्पांना बाजारात मेथी नेताना आयुष्यभर बघितलंय, गोणपाट ओलं करून झाकायचे. कारण तेच, पण ते कुणी मला समजावून सांगितलं नव्हतं. तिथं समजलं.

आपली बरीच अवजारं तिथं नव्यानं भेटतील. रिकिबीसारख्या पात्याचं एक खुरपं असतं, उभ्यानं मागंपुढं ओढायचं. दोन दिवसांत मला वाटलं, हे आपलं कोळपंच की, बैलाच्या जागी माणूस. लसूण ऑक्टोबरमध्ये लावतात, टोक वर करून, आणि वर वीतभर पेंढा पसरतात. मग बर्फ पडतं. मी परत यायच्या आधी लावलेल्या लसणीचे फोटो मला मेमध्ये आले, पेंढ्यातून हिरवे कोंब वर आलेले.

पण हे शिकायला तू जाऊ नकोस. केल तुला जांबोटीत विकायचा नाही. तुझे बाबा विचारतात ते खरं आहे, चिखल इथंही आहे. तिथं जे आहे ते चिखलाच्या पलीकडचं आहे.

ऑगस्टमधली गोष्ट सांगते. आठवडाभर झड लागली आणि टोमॅटोवर करपा आला. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग, पान उलटं केलं की पांढरी बुरशी. मी बघताक्षणी ओळखला, कारण आमच्या बेळगुंदीच्या मामांचं बटाट्याचं शेत याच करप्यानं चार दिवसांत काळं पडलेलं मी लहानपणी बघितलंय. रोग एकच, बटाट्यावर येतो तसा टोमॅटोवर येतो. सगळी टोमॅटोची झाडं उपटून प्लॅस्टिकखाली झाकून टाकली. मामांच्या त्या वर्षी बियाण्याचं आणि खताचं कर्ज मामांच्या एकट्याच्या डोक्यावर बसलं होतं. मामीच्या पाटल्या गेल्या. म्हणून मला वाटलं, आता या शेतमालकिणीचं काही खरं नाही.

तिनं मला सांगितलं, सभासदांना पत्र तू लिही. मी लिहिलं, चार ओळी, काय झालं आणि यंदा टोमॅटो का नाहीत. गुरुवारी वाटपाच्या दिवशी दीडशे घरांतली माणसं आली. कोबी घेतला, बीट घेतलं, कांदे घेतले. एक आजीबाई म्हणाल्या, "झाडं उपटताना वाईट वाटलं असेल तुम्हाला." एकानंही पैसे परत मागितले नाहीत. ते फेब्रुवारी-मार्चलाच भरलेले होते, बी पेरायच्या आधी, आणि पीक आलं तर आलं, गेलं तर गेलं, हे सगळ्यांना मान्य होतं. त्या रात्री मी मामांची आठवण काढून रडले.

ही पद्धत अमेरिकेत १९८६ साली दोन ठिकाणी सुरू झाली, मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधलं टेंपल-विल्टन. टेंपल-विल्टनमध्ये तर वर्षाचा सगळा खर्च सभासदांसमोर मांडतात आणि ज्याला जेवढं झेपतं तेवढं तो कबूल करतो, खर्च भरेपर्यंत. अमेरिकेच्या आधी जपानमध्येही शहरातली घरं आणि शेतकरी यांनी अशी जोडणी केली होती, तिला तेइकेई म्हणतात.

म्हणून तू बाबांना असं सांग. आपल्यात पैरा असतो ना, आज मी तुझ्या रोपलावणीला, उद्या तू माझ्या. तिथं गिऱ्हाईक पैऱ्यात येतं. ते कसं आणतात, कसं टिकवतात, पीक बुडाल्यावर त्याच्यापुढं कसं उभं राहतात, हे शिकायला मी जातोय.

आणि हे शिकायला मिळेल याची खात्री आधीच करून घे. मला पहिले सहा आठवडे नुसती खुरपणी दिली होती. मग मी डीएस-७००२ चा कागद काढून मालकिणीसमोर ठेवला, यात लिहिलंय की मला हिशोब आणि वाटपाचं काम शिकवणार. तिनं मान्य केलं, तिच्या मनात खोट नव्हती, हंगामाच्या धांदलीत राहून गेलं होतं. तुझ्या आराखड्यात या गोष्टी आताच लिहून घे. वर्षाचा खर्च ठरवताना बसवून घ्या, पिकांचं नियोजन दाखवा, वाटपाच्या दिवशी सभासदांशी मला बोलू द्या. याला तयार नसतील तर जाऊ नकोस.

परत आल्यावर मी काय केलं तेही सांगते. बेळगावातल्या टिळकवाडी आणि अनगोळमधल्या चौदा घरांकडून मे महिन्यात पैसे घेतले. बदल्यात घरटी पन्नास किलो आमची येळ्ळूरची बासमती आणि भातामागं त्याच ओलीवर येणारी पाच किलो मसूर. पहिल्याच वर्षी भात कापून पसरलेलं असताना अवकाळी पाऊस झाला. बरंच भात काळं पडलं. घरटी चाळीस किलोच निघालं. मी प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगितलं, दोन दिवस लागले. बारा घरं म्हणाली असू दे. दोन घरांनी दहा किलोचे पैसे मागितले, ते मी दिले. आज सदतीस घरं आहेत आणि त्या दोनांतलं एक परत आलंय.

निपाणीचे काका

पोरा, मी कुठं परदेशी गेलो नाही. तंबाखूत आयुष्य गेलं. येळ्ळूरच्या ताईंचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

१९८१ साली शरद जोशींच्या मागं आम्ही निपाणीत पुणे-बंगळूर रस्त्यावर बसलो होतो, तेव्हा मी वीस वर्षांचा. तंबाखू आमचा, आणि दर व्यापारी ठरवायचा, तोही माल त्याच्या दारात गेल्यावर. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. मागणं एवढंच होतं की आमच्या मालाचा दर ठरताना आम्हाला धरा. आणि ही बाई सांगते की पेरायच्या आधी शेतकरी आणि खाणारा समोरासमोर बसून खर्च ठरवतात. हे बघायला जा. तुझ्या बाबांना माझा निरोप सांग, पोराला अडवू नका.

पण आईचाही विचार कर. एप्रिल ते नोव्हेंबर म्हणजे आपला सगळा खरीप. चिखलणी, रोपलावण, भांगलण, कापणी, मळणी, एकही काम चुकत नाही. जायच्या आधी गावात दोन घरांशी पैरा बोलून ठेव. त्यांची यंदाची सुगी तू काढून दे, पुढच्या वर्षी ती माणसं तुमच्या रोपलावणीला येतील. नुसता पैसा ठेवून गेलास तर ऐन जुलैत माणूस मिळत नाही, तुला माहीतच आहे.

जांबोटीचा माळ

अक्का, काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. त्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. शेतावर ईमेल केला, त्यांचा गेल्या वर्षीचा स्पॉन्सर आहे आणि ते माझं नाव कळवणार आहेत. आराखड्यात हिशोब आणि वाटप घालायलाही तयार झालेत. खर्च ठरवायची बैठक जानेवारीत होते म्हणे, तेव्हा मी तिथं नसेन, पण फोनवरून बसवून घेतो असं लिहिलंय.

बाबांना काकांचा निरोप वाचून दाखवला. ऐकून काही बोलले नाहीत. रात्री जेवताना विचारलं, "ती बेळगुंदीच्या मामांची बटाटी, मग पुढं काय झालं त्यांचं?" अक्का, सांगशील काय?

येळ्ळूरची अक्का

दोन वर्षं लागली कर्ज फिटायला. नंतर त्यांनी बटाटा सोडला, रताळी करतात. आता माझ्या सदतीस घरांना दिवाळीआधी रताळी मामांचीच जातात, पैसे मेमध्येच दिलेले असतात. बाबांना म्हणावं एखाद्या रविवारी बेळगुंदीला या, मी पण येते, मामांशीच बोला.

आणि तू लोकरीचे मोजे तीन जोड घे. सुती मोजे एकदा ओले झाले की दिवसभर वाळत नाहीत.