बेळगावकरांनो, पहिल्या पावसात तुमच्याकडं काय काय यायचं? (अनुभव लिहा)

अनगोळकर
काल रात्री वळीव झाला. लाईट गेली, ती जाणारच. गॅलरीत उभा होतो तर खाली पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर एक बेडूक. दहा मिनिटं एकटाच ओरडला, कुठूनच उत्तर नाही, मग स्कूटरखाली जाऊन बसला. आमची बिल्डिंग आहे तिथं आजोबांचं बासमतीचं शेत होतं. पहिला मोठा पाऊस पडला की बेडकांचा असा दंगा चालायचा की आजी म्हणायची, रेडिओ बंद करा, नुसती बॅटरी जातीय. नर पिवळेधम्मक व्हायचे, गळ्याला दोन निळे फुगे. लेकीला सांगितलं तर म्हणाली, बाबा काहीही.
शेत आम्हीच विकलं. कुणी विचारायच्या आधी लिहून टाकतो.

शहापूरची सून
आमच्याकडं पहिल्या पावसात बळ्ळारी नाला येतो. थेट भातात 😂
पूर्वी पाण्याबरोबर मासे चढायचे, सासरे बांधाला बुट्टी लावून धरायचे. आता पिशव्या, थर्माकोल, एकदा तर अख्खी गादी आली. रोप लावून आलं की रात्रभर पाय खाजतात. खोबरेल तेल लावते, फरक शून्य.

कॅम्पातला
पाऊस म्हटलं की मला ऑगस्ट २०२२ आठवतो. गोल्फ कोर्सवरचा बिबट्या! शाळांना सुट्ट्या, शिमोग्याकडून हत्ती आणले, आणि गडी सापडलाच नाही. आमचा बारका अजून विचारतो, पप्पा परत कधी येणार तो.

टिळकवाडी_वॉकर
@कॅम्पातला तेव्हा वॉकिंग बंद केलं ते बंदच. बिबट्या गेला, पोट राहिलं.

जांबोटीकर
काजवे. मे संपता संपता घरामागच्या हिरड्यावर. सगळं झाड एकदम लागायचं, एकदम विझायचं.
चार वर्षांमागं होमस्टे काढला. लोक काजवे बघायला येतात म्हणून अंगणात लाईटच्या माळा लावल्या, झाडाला फोकस मारला. तेवढी अक्कल. त्यांचं सगळं बोलणं उजेडावर चालतं, नर-मादी एकमेकांना त्याच्यावरच शोधतात. दुसऱ्या वर्षी हिरड्यावर मोजून सात-आठ. माळा काढल्या, आता रात्री पाहुण्यांना टॉर्चसुद्धा लावू देत नाही. गेल्या साली थोडे जास्त वाटले. एकानं खाली रिव्ह्यू लिहिला, जागा छान पण फार अंधार.

शहापूरची सून
@जांबोटीकर रेट काय हो? खरंच विचारालोय.

निवृत्त मास्तर
वर्गात विचारायचो, भीमगडच्या जंगलात काय आहे? पोरं ओरडायची, वाघ! अरे वाघ दांडेलीतही आहे. आपल्याकडं बारापेडेच्या गुहेत राऊटनचं वटवाघूळ आहे, ते जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. २०११ ला भीमगड अभयारण्य झालं त्यात त्याचाही वाटा आहे. म्हादई नदी उगम पावते तीही याच रानात. पाणी कर्नाटकाचं की गोव्याचं यावर पिढ्या भांडल्या, ते मुरवून ठेवणाऱ्या रानाचं नाव त्या भांडणात क्वचित ऐकलं. असो, विषय वाढला.

गवाळीचा जावई
मास्तर, अभयारण्य झालं हे बरोबर, पण आतल्या गावांचं पण लिहा. पावसात सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं म्हणजे चिखलातनं खुर्चीवर बसवून चार माणसांनी उचलायचं. रस्ता मागितला तर जंगल आहे म्हणतात. आतल्या तळेवाडीची माणसं कुटुंबामागं १५ लाख घेऊन गाव सोडायला तयार झाली, ती काय हौसेनं? आणि शहरातले म्हणतात बरं झालं, जंगल मोकळं झालं. जंगल गाववाल्यांनी नव्हतं तोडलं. असो, मास्तरांवर राग नाही.

निवृत्त मास्तर
खरं आहे जावईबापू. हे वर्गात कधी सांगितलं नाही.

रेंज_नाही_खानापूर
हत्ती पहिल्या पावसात येत नाहीत, भात कापायला आलं की येतात. वेळेचे पक्के. दांडेलीकडनं. रात्री डबे वाजवून घसा बसतो. बाकी टॉवरखाली आल्यावर लिहितो

गृहिणी_वडगाव
कुणी कुर्ल्या (खेकडे) म्हणालंच नाही?? वळीव झाला की भाऊ बॅटरी आणि गोणपाट घेऊन ओढ्याला. आता ओढ्याच्या काठावर वीटभट्टी, शेतातली माती काढून काढून खड्डे पडलेत. कुर्ल्या बाजारातनं आणतो, दर विचारूच नका.

टिळकवाडी_वॉकर
@गृहिणी_वडगाव कालवणात तिरफळ घालता का?

गृहिणी_वडगाव
नाही ओ, ते माशाला. कुर्लीला भाजलेलं खोबरं, आणि नांग्या ठेचून त्याचा रस गाळून घालायचा. नांग्या टाकू नका.

कॅम्पातला
@अनगोळकर बेडूक आज ओरडला का?

अनगोळकर
आत्ताच खाली जाऊन आलो. लाईट नाही, जनरेटर चालू आहे, त्याच्यापुढं काही ऐकू येत नाही. स्कूटरखाली दिसला नाही. वॉचमन म्हणाला, सकाळी झाडूनं गटारीत लोटला, पोरं घाबरत होती.

शहापूरची सून
गटार आमच्याकडंच येते. दिसला तर सांगते.