मॅनोमेट्रीत थंडीत प्रेशर जास्त येतंय, कॅलिब्रेशन गंडतंय का?

गोदाकाठ_टेक
नाशिकला जीआय लॅबमधे टेक्निशियन आहे. अन्ननलिकेची हाय रेझोल्यूशन मॅनोमेट्री (नळी आत घालून दाब मोजायची टेस्ट) करतो, ३६ सेन्सरवाला सॉलिड स्टेट कॅथेटर. डिसेंबरपासून घोळ चालूये, सकाळी रूम इतकी गार की बोटं वळत नाहीत (निफाडचा गारठा आमच्याकडेच मुक्कामाला येतो), कॅलिब्रेशन ओके दाखवतं पण टेस्ट संपल्यावर कॅथेटर बाहेर काढला की हवेत शून्य यायला पाहिजे तिथे काही सेन्सर ७-८ दाखवतात. परवा एका आजींचा आयआरपी (गिळताना अन्ननलिकेखालची झडप सैल पडल्यावर तिथे उरलेला दाब) १९ आला आणि मॅडम म्हणे हे अकॅलेशिया (ती झडप नीट सैल न पडण्याचा आजार) वाटत नाही, पुन्हा बघ. काय चुकतंय?

जुना_लॅबवाला
थर्मल ड्रिफ्ट रे, तापमान बदललं की रीडिंग सरकतं. झिरो केलास गार खोलीत आणि सेन्सर जाऊन बसले ३७ डिग्रीत. आता आयआरपी जठराच्या प्रेशरच्या तुलनेत काढतात, म्हणजे सगळे सेन्सर सारखेच सरकले असते तर चाललं असतं, पण प्रत्येकजण आपल्या मर्जीने सरकतो ना. शेवटी थर्मल कॉम्पेन्सेशन, म्हणजे तो सरकलेला भाग वजा करणं, करतोस का? काढल्या काढल्या, सेन्सर गरम असतानाच, हवेत मोकळा धरून, रेकॉर्डिंग चालू ठेवून.

गोदाकाठ_टेक
करतो दादा, पण आधी आजींना टिश्यू देतो, पाणी देतो, त्या नातवाचं सांगत बसतात...

जुना_लॅबवाला
तिथेच गेलं तुझं! तेवढ्यात कॅथेटर गार. नातू नंतर.

मनोमन_मॅनो
आम्ही आधी कॅथेटर कोमट पाण्यात ठेवून बेसलाइन बघतो. फक्त उभा बुडवू नका, १० सेंमी खोल पाणी म्हणजे साधारण ७ एमएमएचजी, तो ड्रिफ्ट नाही, ते पाण्याचं वजन. उथळ ट्रेमधे आडवा ठेवा.

ओपीडी_ताई
दादा, आयआरपीचा कटऑफ कुठला लावलाय तेही बघा. शिकागो ४.० (मॅनोमेट्रीवरून निदान करायचं वर्गीकरण) मधे झोपून केलेल्या टेस्टला एका सिस्टिमला १५ आहे, दुसऱ्यांना २२. आणि दीर्घ श्वास घ्यायला लावला का? कॅथेटर जठरात उतरलाच नसेल, वरच दुमडला असेल तर आरशासारखं फुलपाखरू दिसतं आणि सगळा आयआरपी फुकट. आजींच्या गोळ्यापण विचारा, ओपिऑइड (अफूवर्गातली वेदनाशामक गोळी) चालू असेल तर आयआरपी वाढलेला दिसू शकतो.

गोदाकाठ_टेक
फुलपाखरू नाहीये, जठर दिसतंय. गोळ्या विचारायच्या राहिल्या. आमची १५ वालीच आहे, जुनी फाइल उघडून बघितली तर कॉम्पेन्सेशन लावलेलंच नाही 🤦 उद्या आठला पेशंट आहे, घरून थर्मास आणि ट्रे घेऊन निघतो.