मदत हवी आहे: मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्टर बसवावा का?

नमस्कार मंडळी. आईचं डायलिसिस सुरू आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात उभी असलेली गाडी नुसती भट्टी होते, त्यात तिला बसवणं जिवावर येतं. घरातूनच गाडी चालू करून एसी लावता यावा म्हणून बाहेरून रिमोट स्टार्टर बसवायचा विचार आहे.

गाडी पेट्रोल, चावीची आणि मॅन्युअल गिअरची. खरी धास्ती इथेच आहे. क्लच दाबल्याशिवाय गाडी चालू होऊ नये ही कंपनीची सोय असं युनिट बायपास करतं. चुकून गिअर पडलेला असेल तर गाडी पुढे झेपावणार, आणि आमच्या पार्किंगमध्ये मुलं खेळतात! न्यूट्रल आणि हँडब्रेकची खात्री झाल्याशिवाय इंजिन चालूच न करणारं युनिट कोणी बसवलंय का? बॉनेट उघडं असताना स्टार्ट रोखणारा स्विचही हवाच.

नाना पेठेत एकाने इमोबिलायझरसाठी (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) दुसरी चावी डॅशबोर्डच्या आत कायमची ठेवायचं सुचवलं. मला ते अजिबात पटलं नाही, चोरीपासूनचं संरक्षणच कमी होतं. शिवाय वॉरंटी शिल्लक आहे, त्यामुळे वायरिंग न कापता कपलरने जोडणारा माणूस हवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ मुळे रस्त्यावर चालकाविना इंजिन चालू ठेवायचं नाही, हे माहीत आहे. वापर सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्येच होईल. बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइडमुळे नाहीच.

कोथरूड-वारजे भागातला भरवशाचा ऑटो इलेक्ट्रिशियन कृपया सुचवा. मॅन्युअलला हे बसवूच नये असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा.