प्रतिसाद: म्योडलारॉइटची सीमा १९४५ च्याही आधीची

वर कुणीतरी लिहिलंय की म्योडलारॉइट हे जर्मनीतलं अखंड गाव शीतयुद्धाने पूर्व आणि पश्चिम जर्मनीत कापलं. भिंतीपुरतं ते खरंच आहे, पण सीमारेषेचं तसं नाही. गावातून वाहणाऱ्या टानबाख ओढ्याच्या काठी १८१० मध्येच सीमेचे दगड रोवले गेले: एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइसचं छोटं संस्थान (ही बाजू पुढे थुरिंगिया राज्यात गेली). तरीही शाळा एकच, खानावळ एकच, आणि दोन्ही थुरिंगियाच्या बाजूला. बव्हेरियाची पोरं रोज ओढा ओलांडून शाळेत जायची, कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. मला या गावाच्या इतिहासात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सव्वाशेहून अधिक वर्षं सीमा होती आणि ती कुणाला टोचली नाही!

मग महायुद्धानंतर थुरिंगियाची बाजू पूर्व जर्मनीत गेली, बव्हेरियाची पश्चिम जर्मनीत. १९५२ मध्ये लाकडी कुंपण आलं आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. पूर्वेकडच्यांना पलीकडच्या नातेवाइकांना नुसता हात हलवून दाखवायचीही बंदी होती. ९ डिसेंबर १९८९ ला भिंतीतून वाट उघडली, म्हणजे बर्लिनची भिंत उघडल्यानंतर पूर्ण एक महिन्याने. भिंतीचा थोडा भाग संग्रहालयासाठी राखलाय.

आजही गाव प्रशासनाने एक झालेलं नाही. अर्धं थुरिंगियातल्या गेफेलचा भाग, अर्धं बव्हेरियातल्या ट्योपेनचा. पिनकोड वेगळे, गाड्यांच्या नंबरप्लेट वेगळ्या, आणि नमस्काराला ओढ्याच्या बव्हेरियाकडच्या काठावर 'ग्रूस गॉट' म्हणतात, तर थुरिंगियाकडच्या काठावर 'गुटेन टाग'.